‘रन’, ‘सेट’ आणि एकसष्ट बेवारस वाक्ये

कार्डबाईंना राग आला की त्या बोलत नसत, कार्डे ठोकत. हातातला गठ्ठा टेबलावर उभा धरून कडा एका रेषेत येईपर्यंत ठोकणे ही कोशविभागातली रोजचीच क्रिया. पण बाईंच्या ठोक्यावरून पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही आज पारा कुठवर चढला आहे ते कळे. त्या सोमवारी सकाळी ठोके असे पडू लागले की शेजारच्या टेबलावरचे प्रूफवाचक चष्मा काढून उभेच राहिले. हे गृहस्थ बोलताना दर चार शब्दांनी थांबत, म्हणून विभागात त्यांचे नाव ‘अल्पविराम’ पडले होते, आणि ते त्यांनाही ठाऊक होते.

“बाई,” ते म्हणाले आणि थांबले. “काय झालं?”

“हे वाक्य कोणी म्हटलं?” बाईंनी प्रूफाच्या एका ओळीवर बोट ठेवले.

“म्हणजे... असेल कोणीतरी.”

“असेल कोणीतरी! पस्तीस वर्षं झाली मला या खोलीत. हे उत्तर आज पहिल्यांदा ऐकते आहे.”

हा संताप समजायचा तर त्या खोलीची रीत आधी समजून घ्यायला हवी. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत देणारा एक मोठा कोश तिथे चाळीस वर्षे चालला होता. थोरल्या संपादकांनी, म्हणजे ज्यांनी तो सुरू केला आणि जे आता हयात नाहीत त्यांनी, पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता: कोशकाराने वाक्य रचायचे नाही, शोधायचे. कोणत्याही शब्दाचा कोणताही अर्थ मांडायचा तर तो शब्द त्या अर्थाने वापरलेली, दोन वेगवेगळ्या ठिकाणी छापून आलेली दोन वाक्ये सापडली पाहिजेत. प्रत्येक वाक्याचे एक कार्ड. वर शब्द, मध्ये वाक्य, खाली पुस्तक आणि पान, आणि उजव्या कोपऱ्यात वाचणाऱ्याची सही, तीही त्याच्या ठरलेल्या शाईत. बाईंची शाई जांभळी होती. एकदा खणात गेलेले कार्ड ज्याने लिहिले त्यानेच बाहेर काढायचे, आणि काढण्याचे कारण पाठीवर लिहून ते पुन्हा खणातच ठेवायचे. खण उघडे असताना पंखा लावायचा नाही, मग कितीही घाम फुटो. आणि शेवटी, छपाईला जाणाऱ्या प्रत्येक पानावर, त्यातले वाक्यन्‌वाक्य कार्डाशी ताडून झाले की ताडणाऱ्याने एकच शब्द लिहायचा: ‘पाहिलं’. खाली सही. त्या शब्दाशिवाय या कोशाचे एकही पान आजवर छापखान्याची पायरी चढले नव्हते.

बाई इथे आल्या त्या विदुषी म्हणून नव्हे. बावीस वर्षांच्या असताना कार्डे वर्णक्रमाने लावायला, सहा महिन्यांच्या हंगामी जागेवर त्या लागल्या. शाळेत इंग्रजीने त्यांना दोनदा आपटले होते. पण ज्या विषयाने पाडले त्याच्याशी वैर धरून त्याचीच पाठ पुरवायची, हा त्यांचा स्वभाव. कार्डे लावता लावता त्या वाचू लागल्या आणि वाचता वाचता भांडू लागल्या. आठ वर्षांनी एक दिवस थोरल्या संपादकांनी त्यांना बोलावले आणि भिंतीलगतच्या दोन कपाटांकडे हात केला. “हे दोघे घे. कोणी घेत नाही. अंगावर येतात.”

ते दोघे म्हणजे ‘रन’ आणि ‘सेट’. दिसायला तीन-तीन अक्षरांची चिमुकली पोरे, पण इंग्रजीतल्या सगळ्यांत पसरलेल्या शब्दांत त्यांची गणना. चांगले चांगले पदवीधर त्यांच्यापुढे हात टेकून गेले होते. बाईंनी त्यांना सत्तावीस वर्षे दिली.

‘रन’ म्हणजे धावणे, एवढे शाळकरी मुलालाही येते. पण इंग्रजीत नळही धावतो आणि नाकही. आपल्याकडे नळ वाहतो, नाक गळते. त्यांचा मोजा धावतो, आपला उसवतो. त्यांची बातमी धावते तेव्हा आपल्याकडे ती छापून येते. निवडणुकीसाठी ते धावतात. आपण उभे राहतो. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून ठेवलेली जागा, नाटकाचे लागोपाठ झालेले प्रयोग, यंत्राचे एका दमात निघालेले काम, सगळ्यांना हाच एक शब्द. बाईंच्या लक्षात आले की पसारा कितीही असो, मुळाशी एकच पाय आहे. कुठेतरी काहीतरी पुढे सरकते आहे, आणि त्या एका पायाच्या खुणा ऐंशी घरांत उमटल्या आहेत.

‘सेट’ची गोष्ट निराळी. तिथे पाय नाही, हात आहे. भांडे ठेवणारा, टेबल मांडणारा, मोडलेले हाड बसवणारा, अंगठीत खडा जडवणारा, तारीख ठरवणारा, परीक्षेचा पेपर काढणारा हात. पण सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा त्याला कोणी ठेवत नाही, तो आपला आपण मावळतो. सिमेंटही आपले आपण घट्ट होते. आणि भांड्यांचा संच, माणसांचे टोळके या अर्थाचा ‘सेट’ तर मूळचा त्या घरातलाच नाही. तो दुसऱ्या भाषेतून आलेला, दुसऱ्याच कुळातला. आडनाव जुळले म्हणून एका छपराखाली राहायला आला आणि पुढे कोण घरचा, कोण पाहुणा हे शेजाऱ्यांनाही सांगता येईना. ‘रन’ म्हणजे एक कुटुंब अनेक घरांत पांगलेले, आणि ‘सेट’ म्हणजे दोन कुटुंबे एका घरात दाटीने राहणारी: बाईंच्या तुलनेचे सार हे होते. त्यावर त्यांनी आणखी एक नवी गोष्ट हेरली होती. ‘सेट’ची निम्मी घरे आपल्याकडे एकट्या ‘लावणे’ने राखली आहेत: घड्याळ लावणे, सापळा लावणे, गाण्याला चाल लावणे, आग लावणे. आणि ‘रन’ची ‘चालणे’ने: बस चालते, दुकान चालते, नाटक चालते. इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो.

“म्हणूनच तुमचा कोश चाळीस वर्षं चाललाय,” बाईंचे यजमान म्हणाले होते. ते बसदुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मिस्कील गृहस्थ. घरी आल्या आल्या त्यांचा प्रश्न ठरलेला: “काय म्हणतात माझ्या सवती? बायकांना एक असते, मला दोन आहेत. आणि दोन्ही इंग्रज.”

तर अशा या दोन शब्दांची छापायला तयार पाने त्या सोमवारी बाईंच्या टेबलावर आली होती. आठ महिन्यांनी त्या निवृत्त व्हायच्या होत्या. सत्तावीस वर्षांच्या संसाराचे हे बारसे म्हणा की पाठवणी म्हणा. आणि उघडलेल्या पहिल्याच पानावर एक अनोळखी वाक्य त्यांच्याकडे बघून हसत होते. ‘व्यवस्थापकाने आपल्या सहकाऱ्यांसाठी स्पष्ट उद्दिष्टे ठरवली,’ अशा अर्थाचे, ‘सेट’खाली.

बाईंनी खण उघडला. कार्ड नव्हते. दुसरा उघडला. नव्हते. मग त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही कपाटे पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत प्रूफाशी ताडायला घेतली. बुधवारी दुपारी काम संपले तेव्हा त्यांच्यासमोर एकसष्ट वाक्ये अशी उरली होती की ज्यांना कार्ड नव्हते, पुस्तक नव्हते, पान नव्हते, कोपऱ्यात सही नव्हती. एकसष्ट बेवारस.

आणि ती ओळखू येत होती, हीच सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट. खऱ्या वाक्याला कुठेतरी पोचा असतो. एका जहाजाच्या नोंदवहीतले बाईंचे आवडते वाक्य होते: कप्तानाने आधी जबडा आवळला, मग कंदील लावला, आणि मग आम्हाला शिव्या दिल्या. तिथे ‘सेट’ एका दमात दोनदा आला होता, आणि कप्तान तिसऱ्या वेळी काय करणार हे कोणत्याही कोशकाराच्या बापाला सुचले नसते. या एकसष्ट वाक्यांत कोणी शिव्या देत नव्हते. कोणाचे नाक गळत नव्हते. सगळे उत्साही होते, सगळे उद्दिष्टे गाठत होते, आणि सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे होते.

*

प्रमुख संपादक नवे होते. विभागात त्यांना ‘नवे साहेब’ म्हणत. तीन वर्षे झाली तरी ते नवेच राहिले होते. बाई यादी घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले आणि यादी न वाचता बाजूला ठेवली.

“बाई, त्याचं असं आहे. कार्डं आपण टाईप करायला बाहेर दिली होती. जुनं अक्षर, काही ठिकाणी शाई उडालेली. जिथे लागलं नाही तिथे त्या कंपनीने यंत्राकडून वाक्यं रचून भरून घेतली. करारात होतं तसं.”

“कोणत्या करारात? थोरल्यांच्या?”

“थोरले गेले, बाई.”

“थोरले गेले. नियम पण त्यांच्याबरोबर पोचवून आलात का?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता; खंड वेळेत काढण्याचे ओझे त्याच्या मानेवर होते आणि छपाईची तारीख शुक्रवारची होती. “मला एक सांगा. त्या वाक्यांत चूक आहे का? अर्थ बरोबर आहे, व्याकरण बरोबर आहे. मग ते कोणी म्हटलं याला महत्त्व काय?”

“मग मधली चाळीस वर्षं आम्ही काय केलं? रचायचीच होती तर एका आठवड्यात रचून दिली असती की. जेवायच्या सुट्टीत.”

“तुम्ही फार ताणता.”

“साहेब, कोर्टात एखादी गोष्ट खरी आहे म्हणून खोटा साक्षीदार चालतो का?”

“हे कोर्ट नाही, बाई. कोश आहे.”

“तेच म्हणते मी. कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टात फिरतो. याचा कोण फिरवणार?”

साहेबांनी पानांचा गठ्ठा पुढे सरकवला. “शुक्रवारी सकाळपर्यंत ‘पाहिलं’ लिहून द्या. विनंती समजा.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर हुकूम समजा.”

बाई उठल्या. त्यांनी गठ्ठा उचलला आणि साहेबांच्याच टेबलावर असा ठोकला की पाण्याचा पेला हिंदकळला.

संध्याकाळी यजमानांनी सवतींची चौकशी केली आणि बाईंचा चेहरा पाहून ती अर्ध्यावरच गिळली. हकीकत ऐकून ते म्हणाले, “अगं, आठ महिने राहिलेत. लिही ‘पाहिलं’. पाहिलंस की तू. एकसष्टच्या एकसष्ट पाहिलीस. खोटं कुठे आहे त्यात?”

“तुमच्या कारखान्यात ब्रेक न तपासता बस सोडली असतीत?”

“ब्रेकने माणसं मरतात, बाई. वाक्याने कोण मरतं?”

“मरत नाही कोणी. म्हणूनच तर सगळ्यांचं फावतं,” बाई म्हणाल्या, आणि ताटावरून उठल्या.

*

गुरुवारी त्या सगळ्यांच्या आधी कामावर आल्या. एकसष्ट वाक्यांवर लाल रेघ मारायची आणि उरलेल्या पानांवर ‘पाहिलं’ लिहायचे, असे त्यांनी ठरवले होते. नियमाने त्यांना तेवढा अधिकार होता. रेघा मारताना मन जरा निवत गेले. ‘रन’च्या शेवटच्या भागात, कापड धुताना रंग सुटणे या अर्थाशी त्या आल्या. ही जागा त्यांच्या अभिमानाची होती. कापड रंगवणाऱ्यांच्या धंद्यात हे दोन शब्द समोरासमोर उभे राहतात: रंग ‘सेट’ झाला म्हणजे पक्का बसला, ‘रन’ झाला म्हणजे सुटला. इतरत्र एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभे राहणारे दोघे इथे एकमेकांचे वैरी. खंडाच्या शेवटी छापायच्या तुलनात्मक टिपणाला बाईंनी याच मुद्द्यावर कळस चढवला होता.

त्या अर्थाखाली नियमाप्रमाणे दोन वाक्ये होती. दुसरे वाचता वाचता बाईंची लाल पेन्सिल आपोआप खाली आली. वाक्य गुळगुळीत होते. स्वच्छ, आज्ञाधारक, इस्त्रीचे. बासष्टावे, असे म्हणून त्यांनी खण ओढला.

कार्ड होते. वाक्य, पुस्तक, पान, सगळे जिथल्या तिथे. पुस्तक: एका रंगखान्याचे माहितीपत्रक. कोपऱ्यात जांभळी सही.

बाई त्या सहीकडे बघत राहिल्या. मग त्यांना ते सगळे आठवले, आणि आठवले याचाच त्यांना अधिक संताप आला, कारण याचा अर्थ त्या कधी विसरल्याच नव्हत्या. सव्वीस वर्षांपूर्वीची शनिवारची दुपार. एक साक्ष मिळाली होती, दुसरी मिळत नव्हती. धुण्याच्या सूचनांच्या कोणत्याही कागदावर ती सापडली असती. दोन दिवस आणखी शोधायचे, एवढेच होते. पण थोरल्यांनी सोमवारी ‘रन’चा आराखडा मागितला होता, आणि तिशीतल्या त्या हुशार बाईला सोमवारी शाबासकी हवी होती. असे कोणतेही माहितीपत्रक कधी निघाले नव्हते. वाक्य तिने रचले होते. अर्थ बरोबर होता, व्याकरण बरोबर होते. फक्त ते कोणी म्हटले नव्हते.

शाबासकी मिळाली होती.

त्यांनी खणावर मूठ आपटली. एकदा, दोनदा. अल्पविराम नुकतेच आत येत होते. ते दारातच थबकले.

“बाई, हाताला... लागेल.”

“लागू दे!”

हे कार्ड पर्समध्ये टाकले असते तर जगात कोणाला कळले नसते. तो विचार त्यांच्या मनात आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल; तो आला, चांगला दोन-तीन मिनिटे बसला. मग बाईंनी जांभळे पेन उघडले, कार्ड उलटे केले, आणि रीतीप्रमाणे पाठीवर कारण लिहिले: ‘साक्ष खोटी. वाक्य माझे.’ खाली तारीख आणि सही. बासष्टावी लाल रेघ त्यांनी इतकी दाबून मारली की कागद फाटला.

साहेबांसमोर त्यांनी पाने ठेवली आणि त्यांवर ते कार्ड, पाठ वर करून.

साहेबांनी ते दोनदा वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग सुटका, आणि मग जे आले ते बाईंना पाहवले नाही: ममता. “अहो बाई! म्हणजे तुम्हीसुद्धा! मग बिघडलं कुठे? सव्वीस वर्षं खणात होतं, कोणाचं काय अडलं? तुमचंही राहू द्या, यांचीही राहू द्या.”

“चोर सापडला म्हणून चोरी माफ होते का?”

“चोर वगैरे काय! तरुण होतात तुम्ही.”

“मी लबाड होते. आणि लबाडी मी केली आहे म्हणूनच मला तिचा वास येतो. बासष्टच्या बासष्ट काढा.”

“जागा मोकळ्या पडतील. पानं पुन्हा जुळवायला पंधरा दिवस जातील.”

“जाऊ द्यात.”

“नाही जाऊ देणार,” साहेब म्हणाले. आता आवाजात ममता नव्हती. “आणि खरं सांगू? हे कार्ड लिहिणाऱ्या माणसाने मला नियम शिकवू नयेत.”

टोमणा न्याय्य होता. त्या उभ्याच राहिल्या. साहेबांनी पानांची दुसरी, रेघा नसलेली प्रत काढली आणि अल्पविरामांना आत बोलावले.

“प्रत्येक पानावर ‘पाहिलं’ लिहा.”

अल्पविराम थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. बाई मनात म्हणाल्या, थांब, आज तरी जन्मभराचा थांब. पण अल्पविरामांची तीन वर्षांची नोकरी उरली होती आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई होती. त्यांनी हिरवे पेन उघडले. पहिल्या पानावर लिहिले, दुसऱ्यावर लिहिले, आणि मग भराभर.

*

दोन महिन्यांनी खंड बांधून आला. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. ज्या दिवशी त्याची प्रत विभागात पोचली त्या दिवशी बाईंनी ती टेबलावर उघडली, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेतला आणि लिहायला बसल्या. वर शब्द: ‘सेट’. मध्ये वाक्य: व्यवस्थापकाने स्पष्ट उद्दिष्टे ठरवली. खाली पुस्तक आणि पान: हाच कोश, हाच खंड, पान अमुक. आणि त्याखाली एक ओळ, जी त्या खोलीतल्या लाखभर कार्डांपैकी एकावरही नव्हती: ‘याआधी हे कोणीही म्हटलेले नाही.’ कोपऱ्यात जांभळी सही.

नियमात ते चोख बसत होते. वाक्य आता छापून आले होते. छापून आलेल्या वाक्याचे कार्ड करायला कोणाचा बाप बाईंना अडवणार नव्हता. आणि खणात गेलेले कार्ड ज्याने लिहिले त्यानेच काढायचे असते.

पाचवे कार्ड चालू असताना अल्पविराम खुर्ची ओढून जवळ आले. “बाई, पान क्रमांक मी... सांगत जाऊ का? तुम्हाला परत परत उलटावं लागतं.”

“तुम्ही तर पाहिलंय ना सगळं?” बाई मान वर न करता म्हणाल्या. “हिरव्या शाईत? मग आता पुन्हा कशाला बघता? डोळ्यांना त्रास होईल.”

अल्पविराम उठले नाहीत. त्यांनी बाईंच्या जुन्या यादीची घडी उलगडली, कोश आपल्याकडे वळवला आणि पाने उलटू लागले. बराच वेळ गेला. बाईंचा हात पुढच्या कोऱ्या कार्डावर तसाच थांबला होता.

“चारशे बारा,” ते म्हणाले. “डावा स्तंभ. वरून नववं.”

बाईंनी गठ्ठा एकदा टेबलावर ठोकला, जोरात. आणि लिहून घेतले.